खोड

आप्पांची विहीर ओढ्यापलीकडं. दिवसा दहा मिनिटांची वाट, पण रात्री तीच वाट अर्ध्या तासाची होते. आमच्या नगर जिल्ह्याच्या भागात शेतीची थ्री फेज वीज पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी लागली की माणसं हातात बॅटरी अन् काठी घेऊन बाहेर पडतात. गवतात फुरसं असतं, ओढ्यात शेवाळलेले दगड असतात. थंडीचं तर बोलायलाच नको. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. तेव्हा अडुसष्ट वर्षांचे, आणि उजवा गुडघा कामातून गेलेला. २०१८च्या दिवाळीनंतर ते एकदा ओढ्यात पडले. पहाटेपर्यंत तिथंच बसून राहिले, कुणाला हाकही मारली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "हाक कुणाला मारायची? समदे आपापल्या मोटरीवर."

त्याच आठवड्यात मी ठरवलं की आप्पांसाठी एक डबी करायची.

मी तालुक्याला नोकरी करायचो आणि शनिवार-रविवारी गावी यायचो. रात्री जेवणं झाली की माझं टेबल मांडायचो: डाग द्यायची कय्या, मल्टिमीटर, तारांचा गुंता आणि एक आर्डुइनो. हे आर्डुइनो प्रकरण २००५च्या सुमाराला इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी म्हणून सुरू झालं. पत्त्याच्या पानाएवढा बोर्ड आणि त्यावर एक काळा किडा. त्या किड्याची कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट. एवढ्यात मोटर चालू-बंद करण्याचं शहाणपण सहज मावतं. दिवा लुकलुकवणं, टाकी भरली की शिट्टी वाजवणं, हे सगळं मी हौस म्हणून करून झालं होतं. चुकलं तरी माझ्याच टेबलावर चुकायचं. उलट चूक सापडली की बरंच वाटायचं, झोप उडायची आणि त्यातच मजा असायची.

बाजारात तयार 'ऑटो' मिळतो, हे खरं. वीज आली की तो मोटर चालू करतो. पण सगळ्यांचे ऑटो वीज येताच एकाच क्षणी मोटरी चालू करतात, दाब पडतो आणि डीपीचे फ्यूज उडतात. माझी डबी वीज आल्यावर आधी काही मिनिटं थांबणार होती. शिवाय आप्पांची विहीर दमदार नाही. दोन तास उपसली की तासभर तिला झिरपायला द्यावं लागतं. म्हणून दोन तास चालू, एक तास विश्रांती. पाणी वरच्या शेततळ्यात चढवायचं आणि दिवसा तिथून उतारानं कांद्याला सोडायचं. आप्पांनी रात्री उठायचं कारण उरणार नव्हतं.

पहिल्या डबीनं मला फार छळलं. पाण्याची पातळी सांगणारी तार बोर्डाला नुसतीच जोडली होती, आधार न देता. अशी मोकळी तार हवेतलंच काहीबाही वाचते. मी हात जवळ नेला की तिला विहिरीत पाणी दिसायचं. आप्पा म्हणाले, "तुझ्या हातात पाणी हाये व्हय रं?" किड्याच्या पोटातच २० ते ५० किलोओहमचा एक रोध असतो. तो प्रोग्रामातून चालू केला आणि ते भूत उतरलं. पुढचं भूत जास्त चिवट निघालं. कॉन्टॅक्टर सुटला की बोर्ड दचकायचा आणि पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी तीन रात्री प्रोग्राम धुंडाळला. दोष तिथं नव्हताच. कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधली वीज एकदम तुटली की ती जोरात उसळी मारते, आणि मी बोर्डाच्या तारा कॉइलच्या तारांना खेटून नेल्या होत्या. तारा लांब केल्या. कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला. दचकणं थांबलं.

शेवटी आणखी एक सुधारणा केली. तोवर डबी शेतीच्याच विजेवर चालायची, म्हणजे वीज गेली की तीही मरायची आणि वीज आली की नव्यानं जन्मायची. विश्रांतीचा हिशोब अर्धाच राहायचा. म्हणून मोटरसायकलची जुनी बॅटरी जोडली. आता वीज असो-नसो, डबी जागी.

२० जानेवारी २०१९, रविवार. सकाळी साडेनऊच्या सुमाराला मी ती विहिरीवर बसवली. दोन रात्री आप्पा तरीही उठून बघून आले. तिसऱ्या रात्री मी फोन केला आणि म्हणालो, "आप्पा, आता बिनघोर झोपा."

हे वाक्य मी कशाच्या जोरावर बोललो, त्याचा विचार मी पुढं पुष्कळ केला.

११ मार्चला, सोमवारी, सकाळी आप्पांचा फोन आला. "मोटर ऊठत नाही. वास येतोय." दुष्काळाचं साल, कांदा पोसायला लागलेला. शेततळ्यात चार दिवसांचं पाणी होतं. मोटर काढून वाइंडिंगवाल्याकडं नेली. गर्दी इतकी की नवव्या दिवशी हातात आली. मधले पाच दिवस कांदा कोरडा राहिला. एप्रिलमध्ये काढला तेव्हा निम्म्याहून जास्त माल गोल्टी निघाला. वाइंडिंगचे पैसे मी दिले. कांद्याचे द्यायचे म्हटलं तर किती द्यायचे, हे कुणी सांगावं?

त्या आठवड्यात माझं मन कुठं कुठं धावलं! आधी विजेवर संशय घेतला. मग उंदरावर, तार कुरतडली असेल. मग मोटरच जुनी. मग मला आठवलं की स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले आप्पांनीच तीन वर्षांपूर्वी बाजूला काढून घेतला होता, कारण तो सारखा पडायचा. तो असता तर मोटर बहुधा वाचली असती. हे आठवल्यावर मला हलकं वाटलं. दुसऱ्याची चूक सापडल्यावर येणारा तो हलकेपणा. वाइंडिंगवाल्यानं मात्र जळकी तार बोटानं खरवडत सांगितलं, "ही सारखी चालू-बंद झालीय. उठायच्या वक्ताला मोटर पाच-सहा पट करंट खाते. शंभर-दोनशे बार उठवली तर कोण वाचंल?"

मोटर चालू-बंद करणारं तिथं एकच होतं. माझी डबी.

आता जरा तांत्रिक सांगतो, पण घड्याळ समजणाऱ्याला कळेल. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे तो मोजत असतो. हा आकडा ४,२९,४९,६७,२९५पर्यंत जातो आणि पुन्हा शून्य होतो. त्याला ४९ दिवस आणि सतरा तास लागतात. घड्याळाचा काटा बारावरून जसा एकवर येतो, तसंच हे. मी प्रोग्रामात लिहिलं होतं की मोटर चालू करताना 'आत्ताची वेळ अधिक दोन तास' असा आकडा मांडून ठेव आणि वेळ त्याच्या पुढं गेली की मोटर बंद कर. अकरा वाजता चालू केली तर अधिक दोन म्हणजे एक. अकरा हे एकापेक्षा मोठे. म्हणजे वेळ संपली! मोटर लगेच बंद. विश्रांतीचा हिशोबही तसाच, तीही लगेच संपली. दहा सेकंद थांबून पुन्हा मोटर चालू, पुन्हा बंद. २० जानेवारीच्या साडेनऊपासून ४९ दिवस सतरा तास मोजले तर ११ मार्चची रात्र येते, अडीचचा सुमार. त्याआधीचा तासभर, म्हणजे दीड ते अडीच, आप्पांची मोटर मिनिटाला पाच-सहादा उठत होती आणि आप्पा घरी झोपले होते. मीच झोपवले होते त्यांना.

यातली गंमत, गंमत कसली, पण बघा. डबी वाईट होती तोवर ही चूक कधीच वर आली नसती. दचकायची तेव्हा दर वेळी मोजणी शून्यापासून. वीज जायची तेव्हाही शून्यापासून. मी एकेक दोष काढत गेलो, डबी पन्नास दिवस सलग जगेल एवढी सुदृढ केली, आणि मग आतला दोष वर आला. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाल्यांतही नेमका ४९.७ दिवसांचाच असा दोष होता. एवढे दिवस संगणक सलग चालू ठेवणारे थोडे, म्हणून तो फार दिवस कुणाच्या डोळ्यावर आला नाही. हे वाचून मी स्वतःची समजूत घातली की एवढ्या मोठ्या लोकांचं चुकतं तिथं आपलं काय.

आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते गोठ्यात होते. ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी ती खोड पहिल्या दिवसापासून होती?"

"होय."

"तुला ठावं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

आप्पा वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, "बैल इकताना खोड सांगून इकायचा. बसतो का, मारतो का, पान्यात बुजतो का. लपवली तर पाप. पर खोड मालकालाच ठावं नसंल तर?" थोडं थांबून त्यांनीच उत्तर दिलं. "तर त्यानं म्हनावं, बैल माझ्या दावनीला दोनच महिने हाये. त्याच्या म्होरचं मला ठावं नाही. एवढं तरी म्हनावंच."

मी गप्प झालो, कारण मी खोटं बोललो होतो. पुरतं खोटं नाही, आणि त्यामुळंच जास्त टोचत होतं. माझ्या वहीत नोव्हेंबरमधल्या एका पानाच्या कडेला मीच लिहिलेलं होतं: 'मोजणी ५० दिवसांनी शून्य होते. बघणे.' कुठंतरी वाचलं होतं, टिपून ठेवलं. तेव्हा डबी दिवसभरसुद्धा नीट चालत नव्हती, पन्नास दिवसांची काळजी कोण करतो? मग बॅटरी जोडली आणि ते पान मागं पडलं.

तेव्हा मला माहीत होतं की नव्हतं? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अजिबात माहीत नसण्याला माणूस काय करणार? पण माहीत नसण्याचीही एक जात अशी असते की ती आपण स्वतः राखतो. बघायचं म्हणून लिहितो आणि बघत नाही, कारण बघितलं तर काम वाढेल, रविवार जाईल, बसवलेली डबी काढावी लागेल. बरं, ते बघणं किती वेळाचं होतं? पन्नास दिवस थांबायचीही गरज नव्हती. मोजणीचा आकडा प्रोग्रामातून मुद्दाम शेवटाजवळ नेऊन ठेवता येतो आणि शून्य ओलांडताना काय होतं ते टेबलावरच दिसतं. मी नंतर करून पाहिलं. पाच मिनिटं लागली. टेबलावरचा रिले टकटक टकटक वाजायला लागला, आणि मी तो किती तरी वेळ बंदच केला नाही. दुरुस्ती तर एका ओळीची. कधी थांबायचं तो आकडा आधी मांडून न ठेवता, आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करायची आणि दोन तास झाले का ते बघायचं. वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबर येते.

आणि ओव्हरलोड रिले? तो आप्पांनी काढला होता हे खरंच. पण डबी जोडताना तो स्टार्टर मी उघडला होता, आतला मोकळा जोड पाहिला होता. तेव्हा काही बोललो नाही. म्हणजे तीही खोड मला ठाऊक होती.

पुढच्या शनिवारी मी वही घेऊन आप्पांकडं गेलो आणि ते पान पुढं केलं. आप्पा चौथी शिकलेले. चष्मा लावून ओळीवर बोट फिरवत शेवटच्या शब्दावर थांबले. "बघणे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "मग? बघितलंस का आता?"

"बघितलं."

"मग लाव."

२४ मार्चला सकाळी दहाला डबी पुन्हा बसवली, नवा ओव्हरलोड रिले घालून. या वेळी झाकणावर ऑइलपेंटनं लिहिलं: 'टेबलावर तपासली. विहिरीवर सलग ४९ दिवस चालली, मग बिघडली. दुरुस्त केली. त्यापुढचं माहीत नाही.' चुलतभाऊ हसला. म्हणाला, अशानं कोण घेईल तुझी डबी? आप्पांनी पुसू दिलं नाही.

हिशोबानं १३ मेच्या पहाटे तीनला मोजणी पुन्हा शून्य होणार होती. सोमवारची रजा टाकून मी रविवारी रात्री विहिरीवर गेलो. आप्पाही आले, बाज तिथंच टाकली. विहीर तळाला गेलेली, जनावरांपुरतं पाणी. रात्रीचीच पाळी होती. पावणेतीनला डबीनं मोटर उठवली, कॉन्टॅक्टर खाटकन बसला. मी बॅटरीचा उजेड घड्याळावर धरून बसलो. तीन वाजले. तीन वाजून पाच. दहा. पाइपातलं पाणी तसंच वरच्या तळ्याकडं चाललं होतं.

सांगावं म्हणून मागं वळलो, तर आप्पा बाजेवर घोरत होते. उठवलं नाही. वीज जाईपर्यंत तिथंच बसून राहिलो.