चढत्या पाण्याचा समय

चेन्नईच्या उत्तरेस पुलिकत सरोवराचे मुख आहे. लाटा तेथे वाळू लोटतात आणि वाट वारंवार उथळ होते. मुंबईस उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. येथे तो जेमतेम एक मीटर. म्हणून होडी नेणाऱ्यास वीतभर पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. कालची वेळ आज चालत नाही.

पूर्ण भरतीची वेळच उत्तम, असे आपणास वाटेल. जाणता तांडेल मात्र पाणी अजून चढत असतानाच उथळ जागा पार करतो. तेव्हा होडी वाळूला टेकली तरी मागून येणारे पाणी तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकलेली होडी पुढील भरतीपर्यंत तेथेच. उधाण सरत असेल, तर कदाचित पंधरवडाभर.

दुरावलेल्या भावाकडे जाण्यास आपणही मनाच्या पूर्ण भरतीची वाट पाहतो. पहिले शब्द अडखळतील, अडखळू द्यावेत. त्याचे दार अद्याप उघडे आहे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वाचा. तेथे भरतीचा नव्हे, ऋतूचा काळ टळला होता. पौलाने सावध केले. शताधिपतीने तारवाच्या मालकाचे ऐकले. पुढे खलाशांनी पाण्याचा ठाव घेतला: २० वाव, मग १५ वाव. इतकी काळजी, पण उशिरा. तारू वाळूत रुतले. देवाच्या कृपेने २७६ जण, कोणी पोहत तर कोणी फळ्यांवर, किनाऱ्यास लागले. तारू मात्र लाटांनी फोडले.