दिवा स्वतःला उजळतो का?

दिवा वस्तूंना उजळतो, तसा स्वतःलाही उजळतो का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. न्यायसूत्रांत प्रमाणांची, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची, चर्चा करताना दिव्याचा दृष्टान्त येतो. दिवा वस्तू दाखवतो खरा, पण तो स्वतः डोळ्यांनाच दिसतो. तसे प्रमाणही प्रमाणानेच कळते, असे भाष्यकार वात्स्यायन सांगतो. बौद्ध आचार्य नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’च्या ७ व्या प्रकरणात या दिव्यालाच हात घातला. उजळणे म्हणजे अंधार घालवणे. दिव्यात अंधार नसतोच, मग तो स्वतःला उजळतो म्हणजे नेमके काय करतो?

परंपरेने या आचार्याचे नाते सातवाहन राजाशी जोडले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या पांडवलेण्यांना ज्यांनी दाने दिली, त्यांत सातवाहन होते. तिथल्या १८ व्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, दारातून आणि वरच्या कमानदार खिडकीतून उजेड आत उतरतो तेव्हा कोरीव स्तूप दिसू लागतो. स्तूप दिसतो तो बाहेरून आलेल्या प्रकाशात. प्रकाश दिसायला मात्र दुसरा प्रकाश लागत नाही. वादाची दोन्ही टोके इथे एकाच जागी सापडतात.

आजच्या मोबाइलच्या पडद्यात असलेल्या सेंद्रिय प्रकाशदिव्याने, म्हणजे ओएलईडीने, या वादात एक उपयुक्त भेद आणला आहे. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेतून त्याची कामाची रचना मांडली. कागदाहून कितीतरी पातळ अशा सेंद्रिय थरांत ऋण आणि धन भार भेटतात आणि उत्तेजित अवस्था जन्मतात. चारांपैकी सुमारे एकच अवस्था साध्या रेणूत सहज प्रकाश देते. उरलेल्या तिघींची ऊर्जा बहुतेक उष्णतेत जाते. १९९८ मध्ये फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटाने प्लॅटिनमयुक्त रेणू वापरून या अंधाऱ्या अवस्थांनाही प्रकाश द्यायला लावले. २०१२ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या अदाची यांच्या गटाने हेच काम जड धातूशिवाय साधले. आत जन्मणारा प्रकाश त्यामुळे जवळजवळ पूर्णत्वाला पोचला.

तरीही साध्या सपाट दिव्यातून त्यातला सुमारे पाचवा हिस्साच बाहेर पडतो. सेंद्रिय थराचा अपवर्तनांक १.७ च्या आसपास, काचेचा १.५, हवेचा १. काचेत लंबाशी सुमारे ४२ अंशांहून अधिक कलून पृष्ठभागावर आदळणारा किरण आतच परततो, थराथरांत फिरतो आणि शेवटी शोषला जातो. काचेवर सूक्ष्म भिंगे बसवणे, प्रकाश विखुरणारा थर घालणे, रेणू आडवे निजवणे हे त्यावरचे उपाय. आत जन्मलेला आणि बाहेर पडलेला प्रकाश यांत असे अंतर असल्याने अभियंते अंतर्गत आणि बाह्य कार्यक्षमता वेगवेगळी मोजतात.

दर्शनांतल्या वादाचा बराच गुंता अशाच दोन गोष्टी, प्रकाश असणे आणि त्याने काही उजळणे, एक मानल्याने झाला आहे. प्रकाशाला असण्यासाठी दुसरा प्रकाश लागत नाही, हे चैतन्यालाच प्रकाश मानणाऱ्या अद्वैत वेदान्ताच्या स्वप्रकाशतेचे म्हणणे पहिल्या गोष्टीविषयी आहे. उजळायला काहीतरी समोर हवे, हे नागार्जुनाच्या आक्षेपातून निघते. ते दुसरीविषयी. आत अडकलेला किरण प्रकाशच असतो, पण तो कशालाही उजळत नाही.

निवृत्तिनाथांचे शिष्य ज्ञानेश्वर यांनी ‘अमृतानुभवा’त यापुढचे पाऊल टाकले. जग हे चैतन्यावर पडलेले झाकण नव्हे, तर चैतन्याचाच विलास आहे, असे त्यांचे प्रतिपादन. तिथे प्रकाशाला अडवणारा वेगळा थरच उरत नाही. या भूमिकेचे बळ मोठे आहे, पण ओएलईडीचे गणित तिच्यावर लादता येणार नाही. दिव्याला वीज पुरवावी लागते आणि त्याचा प्रकाश मोजायला बाहेर मापक ठेवता येतो. चैतन्याच्या बाहेर मापक ठेवायला जागाच नाही, कारण मोजणाराही त्यातच आला. अंतर्गत आणि बाह्य हा भेद त्या पातळीवर लागू पडत नाही.