सूर्यफूल मोजते का?

सूर्यफुलाच्या चकतीत बिया वळणदार रांगांनी मांडलेल्या असतात. काही रांगा उजवीकडे वळतात, काही डावीकडे. मोजल्या तर बहुधा एकीकडे ३४ भरतात आणि दुसरीकडे ५५. मोठ्या फुलात ५५ आणि ८९.

या संख्या भारतीय छंदःशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. लघू अक्षराची मात्रा एक, गुरूच्या दोन. चार मात्रांच्या रचना किती? शेवटी लघू असेल तर आधीच्या तीन मात्रांच्या ३ रचना, गुरू असेल तर आधीच्या दोन मात्रांच्या २, एकूण ५. म्हणजे प्रत्येक संख्या मागच्या दोन संख्यांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५. विरहांकाने हा नियम सांगितला, बाराव्या शतकात हेमचंद्राने तो पुन्हा मांडला. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये सशांच्या वाढीच्या कोड्यातून हीच मालिका दाखवली.

छंदःशास्त्रज्ञाने मात्रा मोजल्या. फूल तर काहीच मोजत नाही. मग ही संख्या आली कुठून? प्लेटोच्या मते गणिती सत्ये माणसाआधीपासून आहेत, माणूस ती फक्त शोधतो. दुसरा पक्ष गणिताला बुद्धीची निर्मिती मानतो. मनात घडलेले गणित निसर्गाला इतके चपखल कसे बसते, याचे नवल भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९६० मध्ये एका प्रसिद्ध निबंधात मांडले.

१९९२ मध्ये फ्रान्सच्या दुआदी आणि कूदे यांनी तेलाच्या थाळीत मधोमध चुंबकीय द्रवाचे थेंब एकेक करून सोडले. थेंब एकमेकांना दूर लोटत कडेकडे सरकत गेले. ठरावीक वेगाने सोडलेले लागोपाठचे थेंब सुमारे १३७.५ अंशांच्या कोनात स्थिरावले आणि त्याच मालिकेतल्या संख्यांच्या वळणदार रांगा उमटल्या. थेंबांत जीव नव्हता, बीज नव्हते. होता तो एकच नियम, आधीच्यांपासून दूर राहण्याचा. रोपाच्या शेंड्यावरही नवा अंकुर आधीच्या अंकुरांचा अटकाव कमी असेल तिथेच फुटतो.

यातून दोन्ही पक्षांचे खरे तेवढे हाती उरते. अंक, चिन्हे, नावे माणसाची. पण नियम ठरला की त्यातून काय निघेल हे कोणाच्याच हाती नसते. मात्रा, थेंब आणि बिया यांत साम्य आहे ते द्रव्याचे नव्हे, संबंधांचे. गणित या संबंधांचे शास्त्र आहे. म्हणूनच नियमाला अडथळा आला की संख्याही बदलते: इंग्लंडमध्ये शेकडो सूर्यफुले मोजली तेव्हा बहुतेक या मालिकेत बसली, सगळी नव्हेत.