अवसर आणि योग्यता

प्रपंचाच्या जबाबदाऱ्या संपल्या की साधे, निवांत आणि स्मरणपर आयुष्य घालवू, असा संकल्प अनेक सज्जन गृहस्थांच्या मनात असतो. थोरल्या मुलीचे लग्न व्हावयाचे असते, घराच्या कर्जाचे हप्ते फिटावयाचे असतात, धाकट्याचे शिक्षण राहिलेले असते. ही सर्व कामे उरकली आणि ५८ व्या किंवा ६० व्या वर्षी नोकरीतून निवृत्ती मिळाली, म्हणजे पुढील काळ आपला, असा हिशेब मांडलेला असतो. या संकल्पात लबाडी नाही. त्यामागे सद्बुद्धीच असते. प्रश्न निराळाच आहे. ज्या दिवसासाठी हा संकल्प राखून ठेवला, तो दिवस प्रत्यक्ष उगवेल तेव्हा त्याचा उपयोग करून घेणारा मनुष्य तेथे असेल काय? दिवस येणे एक, आणि त्या दिवसास आपण योग्य असणे दुसरे. या दोहोंतील अंतर कशाने भरून निघते, याचा विचार साधकाने वेळीच करावयास हवा.

त्यागाचा काळ कोणता, याविषयी प्राचीनांनी दोन प्रकारे सांगितले आहे. केस पिकले, अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या आणि नातवाचे मुख पाहिले, म्हणजे गृहस्थाने वनाचा मार्ग धरावा, असा क्रम मनुस्मृतीने घालून दिला. ज्या दिवशी वैराग्य उपजेल त्याच दिवशी निघावे, अशी मोकळीक जाबालोपनिषदाने दिली. पहिल्या मतात वय प्रमाण आहे, दुसऱ्यात वैराग्य. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात जो मार्ग दाखविला, त्यात वय, वर्ण किंवा स्त्रीपुरुषभेद हे अनुसरणाच्या आड आले नाहीत. म्हणून ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर येथे पंचांगात सापडत नाही. ते जीवाच्या योग्यतेत शोधावे लागते. आणि योग्यता अवसराच्या मागोमाग आपोआप येत नसते. जीवाच्या हाती तिचा जेवढा भाग आहे, तेवढा अवसर येण्यापूर्वीच संपादावा लागतो.

आता साधेपणा म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. वस्तूंचा अभाव म्हणजे साधेपणा, अशी समजूत असते. ती बरोबर नाही. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न नाही त्याच्या वाट्यास दारिद्र्य आलेले असते. त्यास साधेपणा म्हणणे क्रूरपणाचे आहे, आणि भरल्या पोटाने त्यास संतोषाचा उपदेश करणे हा तर अधर्मच होय. साधेपणा ही एक शक्ती आहे. थोडक्यात भागविता येणे, न मिळाल्यास चित्त न विटणे, एकटे असता न कंटाळणे आणि दिल्यावर मागे वळून न पाहणे, या चार गोष्टी ज्यास साधल्या तो साधा. पोहण्याप्रमाणे ही शक्तीही सरावानेच येते. परंतु सराव कधी थांबत नाही, हे येथील वर्म आहे. जो गृहस्थ तीस वर्षे ‘पुढे पाहू’ म्हणत राहतो, तो त्या काळात स्वस्थ बसलेला नसतो. निवडून खाण्याचा, मनासारखे न झाल्यास चिडण्याचा, करमणुकीवाचून घटकाभरही न राहण्याचा अभ्यास तो रोज करीत असतो. दहा हजारांहून अधिक दिवसांचा हा अभ्यास निवृत्तीच्या एका दिवशी पुसला जावा, ही अपेक्षा कोणत्या आधारावर धरावी?

यास दृष्टांत कोरडवाहू शेतीचा. वऱ्हाडातील कपाशीच्या काळ्या रानात पाऊस पडला म्हणजे लगेच पेरता येत नाही. चिखल असता पेरणी होत नाही, आणि ऊन पडून माती कडक झाली की बी उगवत नाही. या दोहोंच्या मध्ये माती ओलसर आणि भुसभुशीत असते. त्या स्थितीस वाफसा म्हणतात. तो थोडेच दिवस टिकतो. म्हणून जाणता शेतकरी मृगाची नुसती वाट पाहत बसत नाही. मागील पीक निघाले की तो नांगरट करतो. उन्हाळाभर ढेकळे तापतात, वर आलेली हरळीची मुळे सुकतात, किडींचे कोष उन्हाने मरतात. मग तो वखराच्या पाळ्या देतो, धसकटे वेचतो, बांध नीट करतो, बियाणे पारखून ठेवतो. पाऊस आपल्या हातचा नाही, हे तो जाणतो; पाऊस पडेल त्या दिवशी रान कसे असावे, एवढे मात्र त्याच्या हातचे असते. शेजारच्या रानात धसकटे तशीच उभी असली, तरी तेथेही पाऊस तितकाच पडतो. त्या पाण्यावर तेथे तण माजते.

दार्ष्टांतिक असे : पाऊस तो अवसर, रान ते चित्त, आणि उन्हाळ्यातील मेहनत ती आजची तयारी. अप्रस्तुत चित्तावर आलेला अवसर वाया तर जातोच, शिवाय अपायही करतो. ज्याने कधी एकांत सेविला नाही, त्यास निवृत्तीनंतर मिळालेला मोकळा वेळ सुनेच्या स्वयंपाकातील उणिवा काढण्यात, भावकीच्या जुन्या वादात आणि दूरदर्शनासमोर जातो. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ती प्रथम २१ दिवसांची होती, पुढे वाढत गेली. ज्यांचा रोजगार तुटला आणि जे मुलाबाळांसह पायी गावाकडे निघाले, त्यांचे दुःख येथे उदाहरणास घेऊ नये. परंतु ज्यांच्या घरी धान्य होते, वेतन चालू होते आणि ज्यांनी आजवर ‘वेळ मिळत नाही’ असे म्हटले होते, त्यांना वेळ न मागता मिळाला. ज्यांना स्मरणाची, वाचनाची, स्वतःची कामे स्वतः करण्याची सवय पूर्वीपासून होती, त्यांना ते दिवस विजनासारखे लाभले. ज्यांना ती नव्हती, त्यांना स्वतःचेच घर कोंडवाड्यासारखे झाले.

अवसर नेहमी कल्पिलेल्या रूपात येत नाही, हेही ध्यानी घ्यावे. या दृष्टीने म्हाइंभटांचे चरित्र मननीय आहे. ते शास्त्रनिपुण पंडित होते, आणि श्रीचक्रधरस्वामींकडे प्रथम आले ते वादाच्या ईर्ष्येने. पुढे ते शरण आले. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात असता, स्वामींच्या लीळा एकत्र करण्याचे कार्य नागदेवाचार्यांच्या साह्याने त्यांनी हाती घेतले. ज्यांनी जे पाहिले व ऐकले, ते त्यांच्याकडून त्यांनी गावोगाव फिरून मिळविले, कोणी काय सांगितले याची खातरजमा केली, आणि शके १२०० च्या (इ. स. १२७८) सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. सभा जिंकण्यासाठी कमावलेली बुद्धीची शिस्त अशी सेवेस आली. अध्ययन करीत असता या कार्याची कल्पनाही त्यांना नव्हती. पण येथे दुसरीही बाजू आहे. ती विद्या सेवेस येण्यापूर्वी विद्येचा अभिमान उतरावा लागला. संस्कृत जाणणाऱ्या त्या पंडितांनी साध्या जनांची मराठी स्वीकारली. तयारीची ही दोन अंगे होत : काही कमवावे लागते, काही टाकावे लागते. कमावणे बहुतेकांना रुचते. टाकणे उद्यावर लोटले जाते.

यावर गृहस्थाचा एक रास्त आक्षेप असतो. तो म्हणतो, ‘माझ्यावर माणसे अवलंबून आहेत. मी आजच साधा होऊ लागलो, तर त्यांचे हाल होतील.’ या आक्षेपास मान दिला पाहिजे. आपल्या वैराग्याची किंमत पत्नीच्या किंवा मुलांच्या ताटातून वसूल करणे हा त्याग नव्हे. ती हिंसाच होय. म्हणून कमी करावयाचे ते आपल्या वाट्याचे करावे. घरात तूप राहू द्यावे, आपण कोरडे खाऊन पाहावे. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. पुढील साध्या जीवनासाठी म्हणून कोणी पोथ्यांची कपाटे भरतो, तीर्थस्थानी खोली बांधून ठेवतो, ठेवींचा आकडा पुरेसा होण्याची वाट पाहतो. वृद्धापकाळास पुरेल अशी तरतूद करणे गृहस्थास उचितच आहे; परंतु तरतूद संपून संग्रह कोठे सुरू झाला, हे ज्याचे त्यानेच तपासावे. साधेपणाची तयारी म्हणून जमविलेला संग्रह शेवटी संग्रहच असतो.

मग आज काय करावे? संन्यस्तांच्या आचारात अटन, विजन, भिक्षा हे विधी आहेत. वासनिकास ते पूर्णत्वाने आचरता येत नाहीत, पण त्यांचे बीज घरात लावता येते. भिक्षेचे बीज हे की, दिवसातून एक वेळ ताटात येईल ते नाव न ठेवता खावे. विजनाचे बीज हे की, रोज घटकाभर भ्रमणध्वनी दूर ठेवून एकांती स्मरण करीत बसावे. अटनाचे बीज हे की, अंथरूण, जागा, मान यांचा हट्ट प्रवासात तरी धरू नये. यास दोन गोष्टी जोडाव्यात. वस्तू जीर्ण होण्यापूर्वी, ती हवीशी वाटत असतानाच, गरजूस द्यावी. आणि देणी फेडावीत. पैशाची तशीच अबोल्याचीही. भावाशी वीस वर्षे तुटलेले बोलणे ही चित्तरूपी रानातील धसकटे होत. ती वेचल्याखेरीज तेथे पेरणी व्हावयाची नाही.

अखेरचा प्रश्न उरतो. एवढी तयारी करूनही तो निवृत्तीचा दिवस आलाच नाही तर? देह क्षणभंगुर आहे, आणि तो कोणाच्या हिशेबाप्रमाणे चालत नाही. याचे उत्तरच तयारीच्या खरेपणाची कसोटी आहे. जी तयारी केवळ पुढील दिवसावर फळते, ती तो दिवस न आल्यास व्यर्थ गेली. जी आजच्या जेवणात, आजच्या एकांतात, आज फिटलेल्या देण्यात फळते, तिचे काही बुडत नाही. ज्या गृहस्थाने आज संध्याकाळी ताटातले निमूट खाल्ले आणि रुसलेल्या भावाच्या दाराशी जाऊन हाक मारली, तो साधे जीवन जगण्याची वाट पाहत नाही. त्या संध्याकाळपुरता तो ते जगला. अशा संध्याकाळी जोडत गेल्यास पुढे अवसर येवो वा न येवो. आलाच तर रान वाफशावर असेल आणि बी हाती असेल.