सहलीचा हिशोब

'डिपेंडंट' हा शब्द आपल्याकडच्या आयटीवाल्यांना व्हिसाच्या फॉर्मवरून चांगलाच ओळखीचा आहे. घरातल्या एकाला परदेशात नोकरी लागली, की दुसरा कागदोपत्री 'डिपेंडंट' होतो. हाच शब्द १९ जून १९५१ रोजी लंडनमध्ये सह्या झालेल्या एका करारातही आहे. नाटो देशांचं सैन्य एकमेकांच्या भूमीवर कोणत्या नियमांनी राहील, हे त्या करारात ठरलं. त्याच्या पहिल्याच कलमात आधी सैन्याची व्याख्या येते, मग सैन्यासोबतच्या नागरी कर्मचाऱ्यांची, आणि मग 'डिपेंडंट'ची : सैनिकाचा जोडीदार आणि त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं.

सैनिकाच्या कृत्यांबद्दल नैतिक प्रश्न विचारायची आपल्याला सवय आहे. त्यासाठी युद्धाचे कायदे आहेत, महाभारत आहे, सिनेमे आहेत. पण या तिसऱ्या माणसाचं काय? सैन्यामुळे तो परक्या देशात आलाय, पण त्याच्या हातात बंदूक नाही. त्याने तिथे मजा करावी का? केली, तर तिची काही किंमत त्याच्या नावावर चढते का?

मला हा प्रश्न पडायचं कारण साधं आहे. असे लोक माझे शेजारी आहेत.

मी गेली तीन वर्षं नैऋत्य जर्मनीतल्या काइझर्सलाउटर्नमध्ये राहतो. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, आता इथे गोदामांच्या व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर लिहितो. शहर आणि आसपासची गावं धरून इथे पन्नासेक हजार अमेरिकन राहतात : सैनिक, नागरी कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. अमेरिकेबाहेर अमेरिकनांची एवढी मोठी लष्करी वस्ती दुसरी नाही. शहराचं नाव त्यांना उच्चारायला जड जातं, म्हणून त्यांनी ते 'के-टाउन' करून टाकलंय. आमच्या इमारतीत खाली घरमालकीण आजी, मधे मी आणि वर अमेरिकन हवाई दलातलं एक चौकोनी कुटुंब. नवरा रामश्टाइनच्या तळावर मालवाहू विमानांत सामान चढवण्याच्या कामावर आहे. पोस्टिंग तीन वर्षांचं. त्यांच्या फ्रिजवर एक यादी चिकटवलेली आहे : जायच्या आधी काय काय बघायचं.

त्या यादीत शरद ऋतूचं पान सगळ्यांत भरलेलं आहे, आणि ते रास्तच आहे. सप्टेंबरात इथून अर्ध्या तासावरच्या बाड ड्युर्कहाइमला वुर्स्टमार्क्ट भरतो. नाव 'सॉसेज बाजार', पण आहे ती सहाशे वर्षांची वाइनची जत्रा. तिथे सतरा लाख लिटर मावतील एवढं लाकडी पिंप आहे, आणि त्याच्या पोटात हॉटेल. पुढे ताजी, अजून फसफसणारी नवी वाइन येते आणि तिच्याबरोबर कांद्याचा खारा केक. लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या बागेत लाखो भोपळ्यांचं प्रदर्शन लागतं. दक्षिणेला आल्प्समध्ये उन्हाळाभर वर चरलेल्या गायी गळ्यात घंटा आणि डोक्यावर फुलांचे मुकुट घालून खाली उतरवतात, तेव्हा आपला बैलपोळा आठवतो. त्यांच्या गाडीत एक जागा रिकामी असते, त्यामुळे यांतल्या बऱ्याच सहलींना मीही गेलोय.

सगळ्यांत आवडती सहल मात्र फुकटची. फाल्त्सच्या जंगलात ऑक्टोबरात चेस्टनट पडतात. इथले लोक त्यांना 'केश्डं' म्हणतात. फळाचं बाहेरचं कवच साळिंदरासारखं काटेरी असतं. ते बुटाखाली हलकेच दाबून फिरवायचं, की आतून तपकिरी, चकचकीत बी बाहेर पडतं. वरच्या मजल्यावरची आठ वर्षांची मुलगी यात माझ्यापेक्षा पटाईत आहे.

ही झाडं इथे आली कुठून? इथे सगळे सांगतात, रोमनांनी आणली. द्राक्षं आणि चेस्टनट दोन्ही. वेलींना आधार द्यायला चेस्टनटच्याच लाकडाचे खांब लागत. म्हणजे आज आपण जिला या भागाची अस्सल चव म्हणतो, तीही एका परक्या सैन्याच्या मागून आलेली. भाजलेला चेस्टनट तोंडात टाकताना कुणी रोमन पलटणींचा जाब विचारत नाही. दोन हजार वर्षांत तेवढी उधारी बुडाली.

पण याच जंगलात एक ताजी उधारीही आहे. पिर्माझेन्सजवळच्या क्लाउझन गावाबाहेर अमेरिकन सैन्याचं कोठार होतं. १९९० मध्ये तिथून मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या विषारी वायूचे एक लाखाहून जास्त तोफगोळे बाहेर काढले, आधी ट्रकने, मग रेल्वेने नोर्डेनहाम बंदरात नेले आणि तिथून जहाजाने पॅसिफिक महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर नष्ट करायला पाठवले. त्याआधीची कित्येक वर्षं त्या परिसरात लोक दर ऑक्टोबरात चेस्टनट वेचतच होते. जर्मनही आणि अमेरिकनही.

आणि एक उधारी चालूच आहे. अमेरिकेतल्या तळावर बसलेल्या माणसाला पश्चिम आशियातलं ड्रोन उडवायचं असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे एकाच उपग्रहाच्या उडीत सिग्नल पोचत नाही. मधे एक थांबा लागतो. समुद्राखालच्या फायबरने डेटा युरोपात येतो आणि इथून उपग्रहाकडे जातो. हा थांबा रामश्टाइनमध्ये आहे, हे २०१६ मध्ये अमेरिकेने जर्मन सरकारला सांगितलं. इंजिनिअर म्हणून मला त्यात नवल वाटत नाही. लेटन्सी कमी करायची तर रिले मधेच कुठेतरी लागणार. पण २०१२ मध्ये येमेनमधल्या खशामिर गावात घरच्या लग्नाच्या दिवसांत एका कुटुंबातले दोन जण अशा हल्ल्यात मारले गेले. त्यांच्या नातेवाइकांनी जर्मन सरकारवर दावा लावला. तो वर्षानुवर्षं एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात गेला. १५ जुलै २०२५ रोजी कार्ल्सरुहेच्या घटनात्मक न्यायालयाने तो फेटाळला. परदेशातल्या माणसांप्रतिही जर्मनीचं संरक्षणाचं कर्तव्य असू शकतं, असं न्यायालयाने मान्य केलं, पण त्यासाठी लागणाऱ्या अटी या प्रकरणात पूर्ण होत नाहीत, असं ठरवलं.

आता एका बाजूला लग्नघरातलं ते येमेनी कुटुंब ठेवा आणि दुसऱ्या बाजूला टोपलीभर चेस्टनट घेऊन घरी परतणारं हे अमेरिकन कुटुंब. चटकन मनात येतं, की या दुसऱ्यांच्या आनंदाला डाग आहे. सोशल मीडियावर आपण एवढ्यावरच निकाल देऊन पुढे स्क्रोल करतो.

इथून तासाभरावरच्या हायडेलबर्गमध्ये कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने १९४५-४६ च्या हिवाळ्यात नेमक्या याच घाईवर व्याख्यानं दिली. समोर पराभूत देशातले विद्यार्थी. 'सगळे जर्मन दोषी' या वाक्याचे त्याने चार तुकडे केले. पहिला गुन्ह्याचा दोष : कायदा मोडला, तर कोर्ट बघेल. दुसरा राजकीय : आपल्या राज्यसंस्थेने जे केलं, त्याचे परिणाम नागरिक म्हणून आपल्याला भोगावे लागतात. तिसरा नैतिक : माझ्या स्वतःच्या कृतीचा, तो माझ्या सदसद्विवेकापुढे. आणि चौथा, ज्याला त्याने 'मेटाफिजिकल' म्हटलं : जगात कुठेही अन्याय होत असताना मी जिवंत आणि सुखात आहे, याची माणूस म्हणून वाटणारी बोच.

यास्पर्सची बायको ज्यू होती. एप्रिल १९४५ च्या मध्यात दोघांना छळछावणीकडे नेण्याचं ठरलं होतं. त्याच्या दोनेक आठवडे आधी अमेरिकन सैन्य हायडेलबर्गला पोचलं आणि ते वाचले. पुढे त्याच शहरात २०१३ पर्यंत युरोपातल्या अमेरिकन लष्कराचं मुख्यालय होतं. म्हणजे ज्या सैन्याने हा विचार करणाऱ्या माणसाचा जीव वाचवला, त्याच सैन्याच्या तळावरून तो ड्रोनचा सिग्नलही जातो. या दोन गोष्टींची बेरीज-वजाबाकी होत नाही. एकीने दुसरी फिटत नाही.

यास्पर्सची चाळणी आमच्या इमारतीला लावून बघू. मुलांच्या खात्यावर पहिले तीन दोष शून्य. त्यांच्या आईच्या खात्यावर राजकीय जबाबदारी आहे, कारण ती मत देते. वडिलांची जास्त, कारण ते सामान चढवतात. आणि माझी? मला इथे मताचा अधिकार नाही, पण माझ्या पगारातून कर कापला जातो, आणि तळ ज्या देशाच्या जमिनीवर आहे त्याच्या तिजोरीत तो जातो. शिवाय मी लिहिलेल्या कोडला गोदामात औषधं आहेत की आणखी काही, हे कळत नाही. त्याला फक्त रॅक नंबर आणि वजन कळतं. खालच्या आजींचा मुलगा तळावर नोकरी करतो. त्यामुळे 'दोषी शेजारी' शोधायला निघालं, तर जिना मधेच थांबत नाही.

एकदा आनवाइलरच्या चेस्टनट जत्रेत मी वरच्या ताईंना सरळ विचारलं, "या सगळ्याचा कधी विचार येतो का?" त्या म्हणाल्या, "वेगळा करावा लागत नाही. आमच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो." नवरा नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी जाणार होता. शरदातल्या सहली इतक्या दाटीवाटीने का होतात, ते मला तेव्हा कळलं. शेजारच्या लांडश्टूलला अमेरिकेबाहेरचं सर्वांत मोठं अमेरिकन लष्करी रुग्णालय आहे. इराक आणि अफगाणिस्तानातले जखमी तिथे यायचे. या बाया-मुलांना सैन्याची किंमत आपल्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

पण इथेच एक अवघड जागा आहे. त्यांना ठाऊक असलेली किंमत ही स्वतःच्या घरची आहे. माणूस स्वतःच्या त्यागाचा हिशोब इतका मनापासून ठेवतो, की दुसऱ्याचं नुकसान त्यात नोंदवायचंच राहतं. आमच्या घरानेही सोसलंय, हे खरं असतं. त्याने खशामिरचं घर भरून येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेतो, म्हणजे हे फक्त अमेरिकनांबद्दल आहे असं वाटणार नाही. रायगडातल्या माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे मराठा पलटणीचे नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात ते लढता लढता पडले, बाविसाव्या वर्षी. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभं राहिलं. त्यांच्या सैन्यात 'डिपेंडंट' सोबत न्यायची सोय नव्हती. बायको गावीच राहिली. जे साम्राज्य त्यांच्याच देशाला गुलाम ठेवून होतं, त्याच्या गणवेशात त्यांनी फॅसिस्टांपासून इटलीची गावं सोडवली. आपण त्यांना एका शब्दात बसवत नाही. अभिमान आणि अवघडलेपण दोन्ही एकत्र बाळगतो. मग वरच्या मजल्यासाठी वेगळं माप कशाला?

म्हणून माझं उत्तर असं आहे : सहल करावी. मन लावून करावी. दुःखी चेहऱ्याने चेस्टनट वेचल्याने येमेनमध्ये कुणाचं काही परत येत नाही. कुटुंबाला जवळ राहू देणारं सैन्य, न राहू देणाऱ्या सैन्यापेक्षा बरंच म्हणायला हवं. आनंदाला दोष चिकटत नाही. जबाबदारी मात्र चिकटते, आणि ती सुरू होते माहिती करून घेण्यापासून. आपण ज्या व्यवस्थेच्या आधाराने इथे उभे आहोत, ती आणखी काय काय करते, हे विचारायचं. आणि कुणी विचारलं, तर विषय बदलायचा नाही. मत देता येत असेल, तर ते देताना हे आठवायचं. कोड लिहीत असू, तर गिऱ्हाईक कोण आहे, हे मीटिंगमध्ये विचारायचं.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही जंगलात असताना डोक्यावरून एक मोठं करडं विमान खालून गेलं. मुलीने विचारलं, "हे कुठे चाललंय?" तिची आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मला माहीत नाही. कधी मदत घेऊन जातात, कधी लढाईचं सामान." मुलीने विचारलं, "आज काय असेल?" यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. ती मात्र विमान दिसेनासं होईपर्यंत वर बघत राहिली, आणि तोवर आम्हीही बघत राहिलो.