कर्ता कोण?

समर्थ वाचायला उभा राहिला की सातवीचा वर्ग गप्प व्हायचा. आवाज खणखणीत, स्वल्पविरामाला हलकी उसंत, पूर्णविरामाला पुरता थांबा, आणि जोडाक्षर कितीही अवघड आलं तरी जीभ अडायची नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशीचं पहिलं बक्षीस त्याचंच, हे ठरल्यासारखं होतं. परिपाठात बातम्या वाचायचं कामही त्याच्याकडे होतं. लातूर जिल्ह्यातलं ते गाव. वर्तमानपत्र पहिल्या एसटीनं यायचं आणि गावात कोणी उघडायच्या आत शाळेत पोचायचं. पाहुणे आले की आबा नातवाला हाक मारत. "वाच रे जरा." नातू वाचायचा. काय वाचलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

रेणुका त्याच वर्गातली. तिचे आईवडील दिवाळी उरकली की ऊसतोडीला जायचे. पाचवीपर्यंत तीही त्यांच्यासोबत गेलेली, त्यामुळे अर्धी शाळा फडावरच्या कोपीत बुडालेली. आता ती आजीजवळ राहायची. वाचताना ओळीखाली बोट धरायची. दोन वाक्यं झाली की थांबायची, मागं जायची. "बाई, हा 'तो' म्हणजे कोण? मघाचा का दुसरा?" असं काहीतरी विचारायची. वर्ग हसायचा. तिच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी एकच शेरा असे : वाचनात सुधारणा आवश्यक.

२०२४च्या जूनमध्ये बदली होऊन मराठीच्या नव्या बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी समर्थकडून दोन पानं वाचून घेतली आणि म्हणाल्या, "छान. आता पुस्तक मिट. त्या मुलानं घर का सोडलं, सांग बघू."

समर्थनं पुस्तक उघडलं, नेमकं वाक्य शोधलं आणि तितक्याच खणखणीत आवाजात वाचलं.

"हे लेखकानं सांगितलं. तू सांग."

समर्थ उभाच राहिला. वर्गाला वाटलं, बाईंचं काहीतरी चुकतंय.

बाईंना मात्र यात नवल वाटलं नाही. दोन तालुक्यांत नोकरी केल्यावर असे वाचक त्यांच्या ओळखीचे झाले होते. मुलांना वाचता येतं की नाही हे बघायच्या ज्या पाहण्या होतात, त्यांतही मुलासमोर उतारा ठेवून ते तो वाचू शकतं का, हेच आधी पाहतात. 'असर'च्या पाहणीत तर दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली की ती वाचनाची वरची पायरी. सुरुवात म्हणून ते योग्यच आहे; अक्षर ओळखता येत नसेल तर पुढचं सगळं बंद. पण शाळेनं त्या पायरीवरच मुक्काम ठोकला, आणि मोठ्यानं न अडखळता वाचणं म्हणजेच वाचणं, असं मुलांना, पालकांना आणि खरं सांगायचं तर शिक्षकांनाही वाटू लागलं.

गृहपाठाची गतही तीच. पाठाखालचा स्वाध्याय द्यायचा, मुलांनी तो करून आणायचा. तीस वह्यांत एकच उत्तर, त्याच काना-मात्रेसह, कारण तालुक्याच्या स्टँडजवळ मार्गदर्शक मिळतं. 'तुमच्या शब्दांत सांगा' या प्रश्नाचंही तयार उत्तर त्यात छापलेलं असतं. बाईंनी वह्या एकदा तपासल्या आणि पुन्हा मागितल्या नाहीत.

पुस्तकात त्या वर्षी एक गंमत होती. २०२३पासून पाठ्यपुस्तकाचे चार भाग झाले होते. एकाच भागात मराठीही आणि गणितही, शिवाय पाठांमागं कोरी पानं, 'माझी नोंद' नावाची. दप्तर हलकं व्हावं म्हणून ही सोय. मुलं पुस्तकही आणायची, वह्याही आणायची, आणि पानं कोरीच राहायची. (२०२५मध्ये ती पानं पुस्तकातून गेलीसुद्धा.) बाईंनी त्या पानांना काम लावलं. रोजचा गृहपाठ एवढाच : घरातल्या कोणाला तरी काहीतरी वाचून दाखवायचं. पाठच हवा असं नाही. विजेचं बिल, रेशन दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, काहीही चालेल. ऐकणाऱ्यानं एक प्रश्न विचारायचा. तो प्रश्न पानावर लिहायचा, आणि उत्तर सापडलं तर तेही.

या गृहपाठाचं मार्गदर्शक स्टँडवर मिळेना, तेव्हा पालक आले. समर्थचे वडील पुढं होते. "बाई, स्वाध्याय तपासत नाही म्हणता, अन् हे काय? चाचणीत येणार का हे?"

"हे नाही येणार," बाई म्हणाल्या. "पण जे येईल ते यामुळं कळेल."

वडिलांचं समाधान झालं नाही, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गुणपत्रिकेत ज्याला रकाना नाही, त्यावर विश्वास ठेवायचा कसा?

व्याकरणाच्या तासाला बाई फळ्यावर लांबच लांब वाक्यं लिहायच्या. कुठून आणायच्या कोण जाणे. कधी बिलाच्या मागून, कधी ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावरून. त्यांची युक्ती साधी होती. वाक्य समोरून अंगावर घ्यायचं नाही. आधी क्रियापद धरायचं. मराठीत ते बहुतेक वेळा शेवटी सापडतं. मग त्यालाच विचारायचं : कोणी? कोणाला? कधीपर्यंत? "कर्ता म्हणजे परीक्षेत अधोरेखित करायची वस्तू नाही," त्या म्हणायच्या. "काम कोणाच्या गळ्यात आहे, ते बघा." समर्थला हा खेळ कंटाळवाणा वाटायचा, वाचनाची लय मोडायची म्हणून. रेणुकाला मात्र पहिल्यांदाच वाटलं की मागं जाऊन वाचण्याला वर्गात परवानगी आहे.

सप्टेंबरात एका रविवारी रात्री पाऊस आला तो थांबेचना. सकाळी गावाच्या खालच्या अंगाला शेत कुठलं आणि ओढा कुठला, कळेना. सोयाबीन शेंगांनी भरलेलं होतं. ते गुडघाभर पाण्यात उभं. समर्थच्या आबांचं सहा एकर होतं, रेणुकाच्या आजीचं दीड.

सोमवारी संध्याकाळी आबांच्या ओसरीवर माणसं जमली. एक रुपयात पीक विमा मिळायचा ते दिवस. जवळपास सगळ्यांनी तो काढलेला. पावतीबरोबर मिळालेलं पत्रक कोणाला तरी आठवलं. आबांनी ट्रंकेतून काढून नातवाच्या हातात दिलं. समर्थनं कंदिलाजवळ उभं राहून वाचलं. 'अधिसूचित क्षेत्रातील', 'जलमय', 'विमा संरक्षित', एकाही शब्दाला ठेच लागली नाही. वाचून झाल्यावर दोघा-तिघांनी मान डोलावली. एक जण म्हणाला, "तहसीलदार होतंय बघा पोरगं." मग ठरलं की तलाठी पंचनाम्याला येईल, तोवर शेतात कोणी हात लावायचा नाही. माणसं घरी गेली. रेणुकाची आजी जोत्याच्या कडेला बसली होती. तिनं एका पोराकडून पत्रकाची जादा प्रत मागून घेतली. कशाला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

मंगळवारी रात्री रेणुकानं गृहपाठ म्हणून तेच पत्रक काढलं. पहिल्याच वाक्यात ती चार वेळा थांबली. आजी तांदूळ निवडत होती. तिसऱ्या थांब्याला तिनं विचारलं, "ते सगळं खरं गं, पन सांगायचं कुनी? तलाठ्यानं का आपन?"

रेणुकानं बोट वाक्याच्या शेवटावर नेलं. 'कळविणे बंधनकारक राहील.' कोणी? ती मागं मागं सरकत गेली. मध्ये कंसातला मजकूर होता, कलमाचा आकडा होता, दोन स्वल्पविराम होते. अगदी सुरुवातीला होतं : 'विमाधारक शेतकऱ्याने'. कधीपर्यंत? 'घटना घडल्यापासून ७२ तासांच्या आत'. कोणाला? तेही होतं : विमा कंपनीला, ॲपवरून किंवा टोल फ्री क्रमांकावर, नाहीतर कृषी विभागाला. तलाठ्याचं नाव त्या वाक्यात कुठंच नव्हतं. तिनं बोटांवर मोजलं. रविवारची रात्र, सोम, मंगळ, बुध.

"आज्जे, उद्या रातीपत्तूर."

आजीनं सूप बाजूला ठेवलं आणि तिला तशीच आबांच्या ओसरीवर नेलं.

आबा जेवून सुपारी कातरत होते. "तलाठी येनार हाय की," ते म्हणाले.

"तो सरकारी मदतीचा पंचनामा, आबा. विम्याचं वेगळं हाय. हे आपुनच कळवायचं लिहिलंय."

"काल समर्थनं वाचलं तवा तर असं काही नव्हतं."

समर्थला बोलावलं. त्यानं पत्रक घेतलं आणि कालच्यासारखंच वरून वाचायला लागला. अर्ध्यावर रेणुका म्हणाली, "थांब. शेवटाकडनं बघ." तो चिडला, पण आबा बघत होते, म्हणून त्यानं शेवटून पाहिलं. बंधनकारक राहील. कोणी? त्याची नजर वर गेली, आणि काल रात्री ज्या शब्दावर त्यानं सुरेख हेल दिला होता, तिथं येऊन थांबली.

"आबा," तो म्हणाला, "आपल्याला कळवायचं होतं."

"मग काल का नाही सांगितलंस?"

याला उत्तर नव्हतं. त्यानं काहीच लपवलं नव्हतं. एकूण एक शब्द त्यानंच उच्चारला होता.

त्या रात्री ज्याच्या घरी बरा फोन होता त्याच्याकडं गर्दी झाली. ॲप उघडेना, उघडलं तर शेताचा फोटो मागे, आणि फोटो काढायचा तर बांधापर्यंत पोचणंच अवघड. टोल फ्री क्रमांक लागायला पहाट झाली. बुधवारी दिवसभर समर्थ आणि रेणुका शाळेत गेले नाहीत. घरोघरच्या पावत्यांवरचे अर्ज क्रमांक आणि गट क्रमांक बघून सांगत राहिले. समर्थ वाचायचा, रेणुका विचारायची, "हा नंबर अर्जाचा का बँकेचा?", आणि तो परत बघायचा. आबांची नोंद दुपारी झाली, आजीची संध्याकाळी. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर निरोप गुरुवारी पोचला. तिथले लोकही सोमवारी ओसरीवर होते.

पैसे कोणाला किती मिळाले, हा विमा कंपनीच्या वाचनाचा विषय. त्यात आत्ता शिरत नाही.

शुक्रवारी बाईंनी 'माझी नोंद'ची पानं पाहिली. रेणुकाच्या पानावर आजीचा प्रश्न होता, आजी बोलली तसाच लिहिलेला, आणि खाली तीन ओळींत उत्तर. समर्थच्या पानावर आबांचा प्रश्न होता : 'मग काल का नाही सांगितलंस?' खालची जागा कोरी. बाईंनी त्यावर काही शेरा लिहिला नाही. सही केली आणि पुस्तक परत दिलं.

सोमवारी परिपाठाला समर्थ वर्तमानपत्र घेऊन उभा राहिला. अतिवृष्टीचीच बातमी होती. पहिलं वाक्य त्यानं नेहमीच्या थाटात सुरू केलं. 'नुकसानीचे पंचनामे तातडीने करण्याचे निर्देश देण्यात आले आहेत' इथवर आला आणि थांबला. परत मागं गेला. पोरं एकमेकांकडं बघू लागली. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"अडखळलास का रे?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"नाही सर. निर्देश देण्यात आले आहेत असं लिहिलंय. पण कोणी दिले आणि कोणाला दिले, ते सापडत नाही."

मुख्याध्यापकांनी हात पुढं करून पेपर घेतला. चष्मा लावला, बातमी मनात वाचली, मग ओठ हलवत पुन्हा वाचली. खाली 'उर्वरित पान ४ वर' असं दिसलं, तेव्हा त्यांनी पान ४ उघडलं. परिपाठाची रांग उन्हात उभी होती. त्यांनी उरलेली बातमी शेवटपर्यंत बघितली आणि पेपर बाईंकडं दिला.

"बाई, तुम्ही बघा बरं. मलाही सापडेना."