परसातला मुरूम आणि नित्यनेम

वारीच्या वाटेवर एका माउलीने विचारले, “महाराज, घरामागे चार हात जागा आहे, पण कुदळ मारली की मुरूम लागतो. मेथीची जुडीसुद्धा पदरात पडत नाही. मनाचंही तसंच. माळ घालून वीस वर्षं झाली, नामाची गोडी लागत नाही. आमची भुईच खोटी, तिथं राबून काय होणार?”

प्रश्न भाजीचा दिसतो. पण आहे अधिकाराचा. भुई खोटी असेल तर यत्न व्यर्थ आहे काय?

सज्जनहो, मुरूम म्हणजे तरी काय? ज्या काळ्या पाषाणाची झीज होऊन आपली काळी कसदार जमीन झाली, त्याच पाषाणाचा हा अर्धवट झिजलेला भाग. तो खोटा नाही. त्याची माती व्हायची राहिली आहे, एवढेच. त्यात पाणी ठरत नाही आणि कसही थोडा. म्हणून त्याला आधी द्यावे लागते.

जाणता माळी काय करतो? हातभर खणून दगड वेचतो, शेणखत व पालापाचोळा घालतो आणि मृगाच्या पावसावर ताग पेरतो. तागाच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून ठेवतात. दीड महिन्यात ताग कमरेच्या वर जातो, हिरवागार होतो, कळ्या धरू लागतो. आणि नेमका तेव्हाच माळी तो कापून तिथेच गाडतो! पाहणाऱ्याचा जीव हळहळतो. पण पहिले पीक आपले नसते, ते भुईचे. महिनाभराने गाडलेले कुजले, की मग मेथी टाकावी, चवळी लावावी. कोपऱ्यात शेवगा असावा, त्याला हलकी जमीनही चालते.

कोणी म्हणेल, “आज द्यायचे ते उद्या मिळावे म्हणूनच ना? मग हा सौदाच झाला.” शंका रास्त आहे. तिचा उलगडा दुसऱ्या वर्षी होतो. आपल्या उन्हात जमिनीतले कुजके खत लवकर जळून जाते. एकदा वांगी लागली म्हणून ज्याने शेणाची पाटी थांबवली, त्याने सौदा केला. त्याचा मुरूम पुन्हा उघडा पडतो. ज्याने पीक आले तरी न आले तरी पाटी चालू ठेवली, त्याची ती सेवा झाली. नित्यनेम म्हणतात तो याहून निराळा नाही. गोडी लागली तर हरिपाठ म्हणू, असे म्हणणारा पिकाची वाट पाहून मग खत घालणारा आहे.

माढा तालुक्यातील अरणचे सावता महाराज, ज्यांनी शके 1217 मध्ये समाधी घेतली, मळ्यातले काम आणि देवाची सेवा अशा दोन गोष्टी मानत नव्हते. त्यांच्या भेटीला पांडुरंगच मळ्यात आला, अशी आपली परंपरा सांगते.

एवढे मात्र खरे, की मुरमाची काळी जमीन आपल्या एका जन्मात होणार नाही. होऊही नये असा हट्ट कोणाचा नाही; पण तुलना कशाला करावी? शेजारणीच्या परसात भरघोस कोबी असेल, आपल्याकडे शेवग्याच्या चार शेंगा येतील. नैवेद्याला त्या पुरतात.

म्हणून माउली, वीस वर्षे वाया गेली असे म्हणू नका. ती गाडलेल्या तागासारखी आहेत. उद्या सकाळी पाटी उचला, आणि उचलताना नाम घ्या. राम कृष्ण हरि.